पंजा मावेल त्याचं काम

आमच्या लहानपणी उजेड रोज घासूनपुसून घ्यावा लागे. दिवेलागणीआधी ओसरीवर कंदील मांडले जात आणि ज्याचा पंजा काचेत मावेल त्याच्या गळ्यात ते काम पडे. थोरल्याचा हात काचेत अडकायला लागला की थोरला सुटे आणि धाकटा अडके. त्यातून कंदील कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ असला, तर काचेबरोबर जीवही मुठीत धरावा लागे.

रीत ठरलेली. चुलीतली राख चाळून चिंधीवर घ्यायची, काचेत तोंडानं वाफ सोडायची, चिंधी गोल फिरवायची आणि शेवटी वर्तमानपत्राच्या बोळ्यानं चकाकी आणायची. मग वात सरळ कातरायची. वात तिरपी राहिली की ज्योत एका बाजूनं चढे आणि तासाभरात काचेला काजळी धरे. रात्री वडील विचारत, “आज काच कुणी पुसली?” या प्रश्नात कधी शाबासकी असे, कधी धपाटा.

आता असं कुणी विचारत नाही. पूर्वी 60 वॅटचा बल्ब देई तेवढा उजेड 9 वॅटचा एलईडी देतो. ना धूर, ना वास. उजेड कुणाच्या हातचा, हा प्रश्नच उरलेला नाही.

खरं सांगायचं तर कंदिलात रम्य असं फार नव्हतंच. रेशनच्या निळ्या रॉकेलसाठी डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि जेवतानाही बोटांना तोच वास यायचा. पुस्तकाच्या अर्ध्या पानावर उजेड पडे, अर्ध्यावर आपल्याच डोक्याची सावली. आई त्याच उजेडात तांदूळ निवडी आणि राहिलेला खडा नेमका वडिलांच्या घासात येई.

पुढे वीज आली, ट्यूब आली आणि रोजचं काम वर्षावर गेलं. दिवाळीआधी मेन स्विच बंद व्हायचा. टेबलावर स्टूल, स्टुलावर वडील आणि स्टुलाला धरून आम्ही. ट्यूब फिरवून सोडवली की ती चार फुटी काच बाळंतिणीच्या खोलीतून बाळ आणावं तशी दोन्ही हातांवर खाली यायची. पट्टीवर पावसाळ्यातली मेलेली पाखरं साचलेली असत. पुसून पुन्हा लावली, स्टार्टर मुरडला, ट्यूब दोनदा लुकलुकली की सगळे एकदम म्हणत, “केवढा उजेड पडला!” ट्यूब तीच असे, गेलेली असे ती फक्त धूळ. पण तो उजेड आम्ही पाडला, असंच वाटे.

आता पीओपीच्या छतात पॅनेल बसवलेली असतात. पाखरं तिथंही शिरतात, मरतात आणि दुधी झाकणाआड काळे ठिपके होऊन राहतात. खालून कितीही पुसा, ठिपके आतच. इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर तो वर न चढताच सांगतो, “हे उघडत नाही काका, अख्खं बदला.” चालू दिवा केवळ पाखरासाठी फेकायचा, हे आमच्या पिढीच्या गळी उतरत नाही.

कंदील परत आणा, असं आमच्यापैकी कुणी म्हणणार नाही. दहा मिनिटं वीज गेली तर वायरमनला पहिला फोन आमचाच जातो. मागणी एवढीच आहे, की त्या पॅनेलला दोन स्क्रू तरी ठेवा. स्टूल आम्ही आणू. धरायला नातवंडं मोबाइल सोडून येतात का, ते आमचं आम्ही बघू.