दोर आधी सांगतो

वायर रोप उघड्या हाताने चाचपायचा नाही. क्रेन थांबवायची, मेन स्विचला कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. मग कॉटन वेस्टचा बोळा घेऊन दोरावरून सावकाश सरकवायचा. तार तुटली असेल तिथे बोळ्याचा धागा अडकतो. ग्रीसखाली डोळ्याला जे दिसत नाही, ते त्या धाग्याला सापडतं. अडकला की खडूने खूण करायची, ग्रीस पुसायचं आणि मोजायचं: पेडाचा एक पूर्ण वेढा जेवढ्या लांबीत बसतो तेवढ्यात तुटक्या तारा किती, आणि त्या विखुरलेल्या आहेत की एकाच पेडात? एकाच पेडात निघाल्या तर मला जास्त काळजी वाटते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्रेनची देखभाल करतो. डोक्यावरच्या रुळांवरून धावणारी दहा टनी ईओटी क्रेन आहे. तिच्या दोरात सहा पेड आणि प्रत्येक पेडात ३६ तारा, म्हणजे २१६ तारा आणि मधोमध गाभा. एक तार तुटली तर तिचा भार शेजारच्या तारा घेतात. क्रेन चालत राहते, कोणाला काही कळत नाही. जो वर चढून बघतो त्यालाच कळतं.

हा तारांचा दोर आला कुठून? जर्मनीत हार्त्झच्या डोंगरात, क्लाउस्टालला, विल्हेल्म आल्बर्ट नावाचा खाण अधिकारी होता. खाणीतला माल तेव्हा साखळ्यांनी वर ओढत. साखळीची एक कडी गेली की सगळंच खाली. आल्बर्टने साखळ्यांना पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिलं होतं; एकदाच आलेल्या मोठ्या भारापेक्षा रोजरोजच्या ताणाने धातू थकतो हे त्याला उमगलं होतं. १८३४ साली त्याने लोखंडी तारा वळून दोर केला. पहिल्या दोरात जेमतेम तीन पेड आणि प्रत्येकात चार तारा होत्या. त्यातली एक तुटली तरी अकरा उरत, आणि तुटलेली दिसत असे. क्रेनकडे पाहताना मला हा माणूस नेहमी आठवतो. ताकद साखळीतही होती. त्याने त्या ताकदीला आधी सूचना द्यायला शिकवलं.

हुकाचंही तसंच. तो घडीव पोलादाचा आणि मुद्दाम चिवट ठेवलेला असतो, म्हणजे बेसुमार भार आला तर काचेसारखा तडकत नाही, आधी तोंड उघडतो. म्हणून नवा हूक बसवतानाच त्याच्या तोंडाचं माप वहीत लिहून ठेवतो. ते माप नसेल तर पुढे उघडला की नाही हे कशावरून ठरवणार? भार टेकतो तिथली जाडी दहा टक्के झिजली की हूक बाद. त्यावर वेल्डिंग करून भर घालायची नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचा तो चिवटपणाच जातो.

ब्रेकबद्दल मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. वीज आली की ब्रेक लागतो, असं त्यांना वाटतं. खरं तर हॉइस्टचा, म्हणजे भार उचलणाऱ्या भागाचा, ब्रेक विजेने उघडतो. वीज गेली की स्प्रिंग त्याला ड्रमवर दाबून धरते. पावसाळ्यात दिवसातून कितीदा तरी लाइट जाते, तेव्हा वितळलेल्या धातूचा लोंबकळता लॅडल जागच्या जागी थांबतो तो या उलट्या विचारामुळे. पण स्प्रिंग दाबते ते लायनरवर. लायनर झिजलं असेल, त्यावर गिअरबॉक्सचं तेल ठिबकलं असेल, तर स्प्रिंग तरी काय करणार? १८ एप्रिल २००७ रोजी चीनच्या लिआओनिंग प्रांतातल्या एका पोलाद कारखान्यात ३० टन वितळलेलं पोलाद असलेला लॅडल खाली आला. पाळी बदलायला शेजारच्या खोलीत जमलेले ३२ कामगार मेले. वितळलेल्या धातूसाठी लागते ती खास क्रेन तिथे नव्हती, साधी वापरत होते. आणि खाली येणारा भार ब्रेकला पेलला नाही. आमच्याकडे पाळी बदलताना लॅडलच्या वाटेत कोणी उभं राहिलं तर मी ओरडतो, त्याचं कारण हे आहे.

म्हणून पाळीतला पहिला भार वीतभर उचलायचा आणि थांबवून ठेवायचा. ऑपरेटर माझ्यापेक्षा जुना आहे, मी त्याला मामा म्हणतो. एकदा तो म्हणाला, “मिस्त्री, बटण सोडल्यावर बोटभर खाली येतंय बघा. काल येत नव्हतं.” तक्त्यावर ब्रेकसमोर ‘ठीक’ लिहिलेलं होतं, आणि मापाने पाहिलं तर लायनरही अजून मर्यादेत होतं. पण “काल येत नव्हतं” या तीन शब्दांसाठी मी क्रेन थांबवली. लायनरच्या कडेला तेलाचा ओघळ निघाला, सील गळत होतं. मामाला मापं ठाऊक नाहीत, त्याला कालचं ठाऊक असतं. माझ्या मते रोजच्या तपासणीत त्याचीच किंमत जास्त आहे.

लिमिट स्विचही रोज पाहतो. रिकामा हूक हळूहळू वर नेऊन स्विच मोटर तोडतो का ते बघायचं. भार असताना कधीच नाही. आणि रोज तपासतो म्हणून हूक रोज तिथपर्यंत नेऊन स्विचनेच थांबवायचा, ही सवय ज्याला लागली त्याच्या हाती मी क्रेनच्या बटणांचं पेंडंट देत नाही.

फाउंड्रीत आणखी एक शत्रू आहे, मोल्डिंगची वाळू. ती उडून दोराच्या ग्रीसवर बसते आणि ग्रीस तारा घासू लागतं. जुनं ग्रीस ब्रशने काढल्याशिवाय वर नवं थापण्यात अर्थ नाही. दोराच्या दोन बाजूंचा ताण सारखा ठेवणारी इक्वलायझर पुली तर बहुतेक जण विसरतात. ती फारशी फिरत नाही, त्यामुळे दोराचा तोच तुकडा वर्षभर तिच्यावर वाकतो आणि तारा नेमक्या तिथे, आतल्या बाजूने तुटतात. खालून ते दिसणं शक्यच नाही.

१९४८च्या कारखाने कायद्यात सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तरी पूर्ण तपासणी सांगितली होती. ती अजूनही होते, दाखला येतो. पण तारा दाखल्याची तारीख पाहून तुटत नाहीत. रोजची पंधरा मिनिटं उत्पादनाच्या हिशेबात आधीच धरलेली हवीत. फर्नेस तयार असताना ती मागून घ्यावी लागली तर ती कधीच पुरी मिळत नाहीत. खंडेनवमीला क्रेन बंद असते. हुकाला झेंडूची माळ चढण्याआधी मी इक्वलायझरपाशी टॉर्च घेऊन निवांत बसतो. तेवढा वेळ वर्षात पुन्हा मिळत नाही.

बाद झालेला दोर गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवू देत नाही. लांबून तो धडधाकट दिसतो, आणि महिन्याभरात कोणीतरी त्याच्या स्लिंगा करून कास्टिंग उचलायला घेतो. उतरवला त्याच दिवशी ग्राइंडरने मीटर-मीटरचे तुकडे. अखंड दोराला भंगारवाला जास्त भाव देतो, असं स्टोअरवाले दरवेळी सांगतात. मी दरवेळी तुकडेच करतो.