पिठाची तहान

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवा छंद जडवून घेऊं नये, असें आमचे एक मित्र नेहमीं बजावीत असतात. तरीहि गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्हांस घरीं पिझ्झा करण्याचा छंद लागला. स्वभावानुसार आम्हीं आधीं पुस्तकें चाळलीं, मग ग्रॅम दाखविणारा काटा विकत आणला, नोंदींसाठीं एक वही घातली, आणि सर्वांच्या शेवटीं पिठास हात लावला. ज्याचा जन्म प्राध्यापकींत गेला, त्याच्याकडून निराळ्या क्रमाची अपेक्षा कोणीं करूं नये.

पिझ्झाचें माहेर नेपल्स. १८८९ सालीं रफाएले एस्पोझितो नांवाच्या कारागिरानें राणी मार्गेरितासाठीं टोमॅटो, मोझरेला आणि बेझिल घालून पिझ्झा केला, ही कथा सर्वत्र सांगतात. संशोधक मात्र तिजकडे संशयानें पाहतात. त्या शहराच्या शिस्तीविषयीं मात्र संशय नको. खऱ्या पिझ्झाच्या रक्षणार्थ १९८४ सालीं तेथें एक संस्था निघाली. तिच्या नियमांप्रमाणें कणकेंत पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्यांसच प्रवेश. २०१७ सालीं युनेस्कोनेंहि ती कला मानवजातीच्या वारशांत नोंदली. तेथील लाकडाच्या भट्टींत उष्णता ४०० अंशांच्या वर असते, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आमचा विजेचा ओव्हन २५० अंशांवर हात टेकतो. म्हणजे सामना मुळांतच विषम!

एका वेळीं एकच वस्तु बदलावयाची, हा आमचा नियम. दोन तासांत फुगविलेला मैदा दिसावयास देखणा, पण चवीला कागद. तोच मैदा यीस्ट कमी करून पुरता एक दिवस फ्रीजमध्यें ठेवला, तेव्हां त्यास किंचित् आंबूस आणि खमंग चव आली. टोमॅटो कच्चा वाटून घातला तर पिझ्झाचें तळें झालें. मीठ लावून चाळणीवर निथळविला तेव्हां तो शहाण्यासारखा वागला. ताज्या मोझरेलाचेंहि तसेंच. तिला फडक्यांत ठेवून पाणी काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. पनीर वितळेल अशी आशा होती. पण तापलेल्या दुधांत आंबट घालून केलेलें पनीर वितळण्याच्या जातीचेंच नव्हे. तें शेवटपर्यंत ताठ मानेनें बसून राहिलें.

खरी फजिती झाली ती गव्हाच्या कणकेनें. मुलांस मैदा फार नको, म्हणून आम्हीं चक्कीवरचें पीठ घेतलें आणि मैद्याचेंच माप लावलें: १०० ग्रॅम पिठास ६० ग्रॅम पाणी. तीन वेळां केलें, आणि तीनहि वेळां घरावर घालावें असें कौल निघालें. वहींत आम्ही ‘अयशस्वी’ असें तिसऱ्यांदा लिहीत होतों, तों स्वयंपाकघराच्या दारांतून मातोश्री म्हणाल्या, “अरे, त्या पिठाची तहान भागलेली नाही अजून.”

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं मातोश्री घरांत पाय घसरून पडल्या. हाड जुळलें, पण तेव्हांपासून आम्हीं त्यांस ओट्यापाशीं येऊं दिलें नव्हतें. “आई, आतां तूं विश्रांति घे,” हें आमचें पालुपद. त्यांनीं वाद घातला नाहीं. दारापाशीं खुर्ची घेऊन त्या बसत, आणि दिवसेंदिवस कमी बोलत.

आम्हीं परात त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनीं बोटानें पीठ दाबून पाहिलें, पाण्याचे दोन हबके मारले, मळलें, पुन्हां पाणी घातलें, आणि ओलें फडकें टाकून म्हणाल्या, “आतां अर्धा तास त्याच्याकडे बघूं नकोस. माझा तवा कुठे आहे?” भाकरीचा तो जाड लोखंडी तवा आम्हीं माळ्यावर टाकला होता. तो काढून, पालथा घालून, ओव्हनमध्यें चांगला तापविला आणि त्यावर पिझ्झा सोडला. कडा फुगल्या, खालीं डाग पडले, आणि मधला भाग मऊ राहिला.

मागाहून पुस्तकांत कारण सांपडलें. कोंडा पाणी पितो, आणि चक्कीच्या दगडांनीं भरडलेल्या पिष्टकणांसहि पाणी अधिक लागतें. जाड लोखंड सांठविलेली उष्णता कणकेस एकदम देतें. पुढच्या खेपेस आम्हीं त्यांचा हात काट्यानें मोजला: ७२ ग्रॅम. तो आंकडा वहींत लिहितांना आम्हांस आमचीच लाज वाटली. एक पाय घसरला, म्हणून आम्हीं त्यांचे दोन्ही हात काढून घेतले होते. आणि त्यास सेवा हें नांव दिलें होतें.

भीति गेलेली नाहीं. फरशी ओली दिसली कीं आमच्या छातींत अजूनहि धस्स होतें. पण खुर्ची आतां दाराऐवजीं ओट्यापाशीं असते, आणि तवा पुन्हां माळ्यावर गेलेला नाहीं. मातोश्रींनीं आमच्या यशस्वी पिझ्झाचा एक घांस खाल्ला, अंमळ विचार केला, आणि म्हणाल्या, “बरा आहे. पण एवढा तवा तापलाच आहे, तर मला एक भाकरी टाकूं दे.”