आषाढातील किनारा

ज्यांनी कोकणचा किनारा केवळ मे महिन्याच्या सुट्टीत पाहिला, त्यांनी तो अर्धाच पाहिला असे म्हणावयास हरकत नाही. आंब्याफणसांच्या दिवसांत सारा मुलूख पाहुण्यांसाठी सज्ज असतो. आषाढात तो आपल्या संसारात गढलेला असतो, आणि खरी ओळख अशाच वेळी घडते. या विचाराने गेल्या आषाढात मी व माझा सतरा वर्षांचा पुतण्या दापोली तालुक्यातील मुरुडहून सायकलींवर केळशीस निघालो. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर. "एवढ्याला अख्खा दिवस कशाला, भाऊजी?" असे वहिनींनी पुण्यास विचारले होते.

त्याचे उत्तर रस्त्यानेच दिले. किनाऱ्याचा रस्ता सपाट असावयाचा, ही घाटावरच्या माणसांची समजूत. येथे गावे समुद्राच्या कुशीत वसलेली, आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा. खाडी आली की उतरावे, ओलांडली की पुन्हा चढावे. सड्यावर झाडाचा आडोसा नाही. डावीकडून येणारा समुद्रवारा सायकलीसह माणसास रस्त्याच्या कडेला लोटतो.

हर्णैचे बंदर निवांत होते. १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांना मासेमारीची मनाई असते; माशांच्या विणीचा हा काळ, आणि दर्याही खवळलेला. होड्या वर ओढून झाकून ठेविल्या होत्या, आणि ओट्यांवर जाळी दुरुस्त होत होती. समोर सुवर्णदुर्ग पावसाच्या पडद्याआड क्षणभर दिसे, क्षणात नाहीसा होई. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांनी तो घेतला, तेव्हाही पावसाळ्यापूर्वीचाच मुहूर्त साधिला होता; या दिवसांत त्या पाण्यात नाव घालण्याची छाती कोण करील?

जोग नदीवरील पुलाने आंजर्ल्यास पोचलो. तेथे ओळखीच्या एका घरी गरम भात, कुळथाचे पिठले आणि आमसुलाचे सार मिळाले. घरामागची वाडी दाखविताना काकू म्हणाल्या, "३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आणि सासऱ्यांनी लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. ही रोपं त्यानंतरची. पाहुणे मे महिन्यात येतात. पण खर्च बारा महिन्यांचा असतो हो!" हे शेवटचे वाक्य त्यांनी हसतच उच्चारिले, पण ते मनात राहिले.

पुढे आड्याच्या बाजूस उतार लागला. तांबड्या चिखलाने व रेतीने ब्रेकची रबरे झिजत चालली होती, आणि ओल्या चाकावर ती नीट पकड घेईनात. मी खाली उतरलो. "काका, पायीच जायचं तर सायकलप्रवास कसला?" पुतण्याने कुरकुर केली. तेव्हा मी त्यास धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. १८७५ साली याच मुरुडचा हा किरकोळ अंगाचा मुलगा परीक्षेसाठी भरपावसात सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला. आणि वय लहान दिसते या कारणावरून त्यास परीक्षेस बसू दिले नाही.

"मग?" पुतण्याने विचारले.

"मग काय? शिकत राहिले. १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, आणि एकशेचार वर्षे जगले."

तो काही बोलला नाही. सायकल हाती धरून मुकाट्याने माझ्या मागून चालू लागला. पुढच्याच वळणावर दरडीचे दगड रस्त्यावर पसरलेले होते. ते पाहून त्याने माझ्याकडे एकवार पाहिले, एवढेच.

पाडल्यावरून केळशीस पोचेतो दिवेलागण झाली. कपडे चिंब, पिंढऱ्या दगडासारख्या. पण मुलाच्या मुद्रेवर जे समाधान होते, ते कोणत्याही बक्षिसाने आले नसते.

आपल्यापैकी पुष्कळांची मूळ गावे याच पट्टीत आहेत. मुलांना तेथे आंब्यांच्या दिवसांत अवश्य न्यावे. परंतु एखादे वर्षी पावसाळ्यातही धाडावे. रस्त्याची व हवेची नीट विचारपूस करावी, अंधारापूर्वी मुक्काम गाठावा. जाळी वर टांगलेली असतात त्या दिवसांत एका पाहुण्याचे जेवणही त्या घरास आधार होते. आणि आपल्या वाडवडिलांनी कोणत्या पावसातून वाट काढिली, हेही मुलांना पुस्तकावाचून उमगते.