आमच्या केंद्राला प्रश्नच नव्हता

पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवत आलो. मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास यांचं एक छोटं केंद्र उभं करण्याची जबाबदारी तिथे माझ्याकडे आली आणि ते मी चुकीच्या पद्धतीनं उभं केलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर बहुविद्याशाखीय अभ्यासाचा आग्रह वाढला आहे, त्यामुळे अशी केंद्रं आता ठिकठिकाणी निघतील. ती चालवणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून आमचं काय चुकलं ते लिहितो.

आम्ही आधी केंद्राचं नाव ठरवलं. मग इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि भाषा या विभागांतून एकेक प्राध्यापक घेऊन समिती केली. अभ्यास कशाचा करायचा, हा विचार त्यानंतर आला. प्रत्येकानं आपापल्या विषयावर व्याख्यान दिलं, अहवालात सगळ्या विषयांची नोंद झाली, पण एकाच्या मांडणीमुळे दुसऱ्याला आपलं काही बदलावंसं वाटलं असं कधी घडलं नाही.

खरं तर चांगला नमुना जवळच होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात १९८७पासून स्त्री अभ्यास केंद्र आहे. विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांच्या कामानं ते देशभर ओळखलं गेलं. रेगे मूळच्या समाजशास्त्राच्या. लावणी कलावंत स्त्रियांवर त्यांनी लिहिलं, दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवरचं त्यांचं पुस्तक २००६ साली आलं. जात आणि लिंगभाव एकमेकांना कसे धरून राहतात, हा त्यांचा प्रश्न होता. एकट्या समाजशास्त्रात तो मावेना, म्हणून साहित्य, इतिहास, लोककला यांच्याकडे जावं लागलं. तिथली व्याख्यानं मी ऐकली होती. मी रचना तेवढी उचलली. ती रचना कुठल्या गरजेतून आली, हे विचारलं नाही.

दुसरी चूक दृष्टीची होती. आंतरराष्ट्रीय म्हणजे दिल्ली, जिनिव्हा, न्यूयॉर्क असं मी धरून चाललो. संयुक्त राष्ट्रसंघ शिकवताना मी त्याच्या संस्थांचे तक्ते फळ्यावर काढायचो. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं उभा राहिला, नव्या देशाला पेनिसिलिन स्वतः बनवता यावं म्हणून. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं रोज एच. ए.वरून ये-जा करत होती, काहींचे आजोबा तिथे नोकरीला होते. त्या तक्त्यांशी या कारखान्याचा संबंध मी वर्गात कधी जोडला नाही.

फाळणी शिकवतानाही तेच. पिंपरी कॅम्प सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवला. त्या घरांतली मुलं माझ्यासमोर बसत होती आणि मी त्यांना माउंटबॅटन योजनेची कलमं सांगत होतो. जागतिकीकरणाचंही तसंच. १९६०च्या दशकातच स्वीडिश कंपन्या दापोडी-चिंचवडला आल्या. १९९५ साली मर्सिडीज पिंपरीत बनू लागली, २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. त्याच चाकणचा कांद्याचा बाजार आणि खेड तालुक्यातली शेती तेव्हा झपाट्यानं बदलत होती. जागतिकीकरणावर मी तासन् तास बोललो, पण त्यासाठी कुणाला चाकणजवळच्या महाळुंगे-निघोज्याला नेलं नाही.

तिसरी चूक सगळ्यांत गंभीर आहे, कारण तिचा परिणाम इतर माणसांवर झाला. केंद्रातर्फे आम्ही चाकण औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांची पाहणी केली. प्रश्नावली मी तयार केली. त्यात नोकरीच्या प्रकारासाठी दोनच पर्याय होते, कायम आणि कंत्राटी. विद्यार्थी पाळी सुटायच्या वेळी कारखान्यांच्या गेटवर उभे राहिले. मुलाखती मराठीत झाल्या, तर समोरचे बरेच जण बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले. ठेकेदाराची माणसं शेजारीच होती. बहुतेकांनी ठीक चाललंय असं सांगितलं. त्यावर मी निबंध लिहिला आणि एका परिषदेत वाचला.

निघोज्याच्या एका विद्यार्थ्याच्या घरच्यांनी खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. तो मला म्हणाला, “सर, तुम्ही गेटवर विचारलंत. आमच्या खोल्यांतली पोरं रात्री वेगळं सांगतात.” मग त्यानं ‘नीम’च्या ट्रेनींबद्दल सांगितलं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१३च्या नियमांतून आलेली ही योजना. तिच्याखाली आलेली मुलं कागदावर शिकाऊ होती. त्यांना मिळायचं ते विद्यावेतन, पगार नव्हे. मशीनवर मात्र ती पूर्ण पाळी उभी असायची. माझ्या प्रश्नावलीत त्यांना जागाच नव्हती. त्यांनी दोनपैकी कुठल्या तरी चौकटीत खूण केली आणि मी त्या खुणांवरून टक्केवारी काढली.

हे कळल्यावर लगेच निबंध मागे घ्यायला हवा होता. मी तो घेतला नाही. केंद्राच्या अहवालात त्याची नोंद गेली होती, पुढच्या अनुदानासाठी तो दाखवायचा होता. बऱ्याच काळानंतर मी दुरुस्तीचं टिपण लिहिलं, निष्कर्ष चुकीचे असल्याचं संयोजकांना कळवलं आणि विद्यार्थ्यांसमोर ते मान्य केलं. तोवर त्या निबंधाचा आधार घेऊन दोन-तीन प्रकल्प झाले होते. आमच्या अहवालात जे कामगार समाधानी ठरले, त्यांच्यावर झालेला हा अन्याय आहे आणि तो माझ्या हातून झाला.

चौथी चूक एका विद्यार्थिनीच्या बाबतीतली. ती रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकत होती. तिचे मामा चाकणजवळच्या एका गावचे, त्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली. परदेशी अभियंते, मराठी सुपरवायझर आणि जमीन दिलेल्या घरांतली मुलं एकाच कारखान्यात एकमेकांशी कसं बोलतात, कुणाचं म्हणणं वर पोचतं, यावर तिला प्रकल्प करायचा होता. हे राज्यशास्त्रात बसत नाही, असं सांगून मी तिला भारत-जर्मनी करारांवर लिहायला लावलं. तिनं लिहिलं, गुणही मिळाले. त्या लेखनात तिचं स्वतःचं काही नव्हतं. भाषा, शेतजमीन, उद्योग आणि सत्ता यांना जोडणारा प्रश्न घेऊन एक मुलगी केंद्राच्या दारात आली होती आणि केंद्रप्रमुखानंच तिला परत पाठवलं.

यानंतर आम्ही काम बदललं. व्याख्यानमाला कमी केल्या आणि एकच प्रश्न घेतला: या पट्ट्यात बाहेरचं भांडवल आणि बाहेरची माणसं आली, तेव्हा इथल्या आणि आलेल्या माणसांच्या आयुष्यात काय बदललं? त्यासाठी इतिहासाच्या मुलांना सातबारा आणि फेरफार वाचायला शिकावं लागलं. अर्थशास्त्राच्या मुलांनी पगारपत्रकं ताडून पाहिली, तेव्हा कपातींचा अर्थ समजण्यासाठी त्यांना कामगार कायदा उघडावा लागला. मुलाखती आता संध्याकाळी, खोल्यांवर, हिंदीत होतात. प्रश्नावली छापण्याआधी कामगारांना वाचून दाखवली जाते आणि त्यांनी सुचवलेले पर्याय तीत घातले जातात. लिहून झालेलं त्यांना ऐकवल्याशिवाय आम्ही बाहेर देत नाही. काम हळू झालं आहे, अहवाल लहान झाला आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य कुणाकडून आलं ते आम्हाला सांगता येतं.

परदेशी विद्यापीठांशी करार, पाहुणे, परिषदा यांची मला नावड नाही. जगाचा अभ्यास व्हायलाच हवा. मुंबई विद्यापीठात १९७१ साली आफ्रिका अभ्यास केंद्र निघालं, पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. सार्वजनिक विद्यापीठांनी अशी कामं सोडू नयेत. त्यांच्याशी संलग्न असलेल्या आमच्यासारख्या महाविद्यालयांनी मात्र त्यांची नक्कल करण्याऐवजी त्यांना जे सहज मिळत नाही ते पुरवावं. गावाची, वस्तीची, कारखान्याची आतली माहिती आमच्या वर्गात बसलेल्या मुलांजवळ आहे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेनं निदान त्या लोकांची हकिकत बरोबर लिहावी.

नवीन केंद्र काढणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. पाटी रंगवण्याआधी आपल्या विद्यार्थ्यांना विचारा की त्यांच्या घरात, गल्लीत, गावात असं काय घडतंय जे त्यांच्या एकाही पाठ्यपुस्तकात नाही. त्या उत्तरांतून एक प्रश्न निवडा आणि त्याला जे विषय लागतील तेवढेच बोलवा. आणि असा प्रश्न सापडेपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू नका.