मारव्याच्या शोधात भेंडीबाजारात

प्रवासाला निघण्याची कारणे माणसागणिक निराळी असतात. कोणी देवदर्शनाला जातो, कोणी लग्नकार्याला, कोणी हवापालटासाठी. आम्ही दोघे भाऊ गेल्या मार्गशीर्षात इंदूरहून मुंबईस गेलो ते एका तबकडीसाठी. अवंतिका एक्स्प्रेसमध्ये शेजारच्या प्रवाशाने विचारले म्हणून हे कारण सांगितले, तेव्हा त्याने खिशातला मोबाइल काढून, "अहो, यात सगळं गाणं फुकट मिळतं," असे मोठ्या आपुलकीने दाखवून दिले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु आमची अडचण समजावून सांगायची तर साठ वर्षे मागे जावे लागले असते, आणि रतलाम तर आलेच होते.

ती अडचण वाचकांना मात्र सांगायला हवी. आमचे वडील अण्णा यांनी १९६२ साली, म्हणजे लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, उस्ताद अमीर खाँसाहेबांची एक लाँग-प्ले तबकडी विकत घेतली. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. ही ध्वनिमुद्रिका एच. एम. व्ही.ने १९६० साली काढली होती. इंदूरच्या रसिकांना त्या तबकडीचा अभिमान वाटे. कारण खाँसाहेब वाढले ते इंदुरात, त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगीवादक होते, आणि पुढे जगाने त्या गायकीला 'इंदूर घराणे' हेच नाव दिले. आमच्या रामबागेतल्या घरी दिवेलागणीला मारवा लागे. अण्णा बैठकीत डोळे मिटून बसत आणि आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता ऐके.

अण्णा १९९१ साली गेले. पुढे वाडा पडला, आम्ही फ्लॅटमध्ये आलो, आणि तबकड्यांची पेटी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेली. तबकड्या उभ्या ठेवायच्या असतात, आडव्या रचायच्या नसतात, उन्हापासून जपायच्या असतात, हे आम्हास तेव्हा ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. लक्ष नव्हते एवढेच खरे. माळव्यातले पंधरा-वीस उन्हाळे त्या पत्र्याखाली गेल्यावर मारवा बशीसारखा वाकला. एवढ्यावर भागले नाही. त्याच पेटीत बालगंधर्वांची एक जुनी लाखेची रेकॉर्ड शाबूत होती, ती आम्ही उत्साहाने स्पिरिटने पुसली. लाख स्पिरिटात विरघळते, हे शाळेत शिकलेले ज्ञान रेकॉर्ड निस्तेज झाल्यावर आठवले. व्हिनाइलची तबकडी आणि लाखेची तबकडी यांचे पथ्यपाणी वेगळे असते. ज्या वाचकांच्या घरी अशा पेट्या असतील त्यांनी लाखेला स्पिरिट दाखवू नये, इतके आमच्या चुकीतून घ्यावे.

आईला आता शहाऐंशीवे वर्ष चालू आहे. कानाने कमी येते. गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याने नवीन रेकॉर्ड-प्लेअर आणला तेव्हा ती म्हणाली, "अण्णांचा मारवा लावा." आम्ही मोबाइलवर लावून दिला. दोन मिनिटे ऐकून ती उठली. "हा तो नाही," एवढेच म्हणाली. पेटीचे काय झाले हे तिला सांगण्याचा धीर आम्हास झाला नाही. म्हणून हा प्रवास.

पहाटे मुंबई सेंट्रलला उतरलो, आणि स्नान-चहा आटोपून दहाच्या सुमारास चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर पोहोचलो. ही गल्ली पाहिली नसेल त्याने एकदा पाहावी. जहाजांवरचे पितळी दिवे, फ्रेमविना आरसे, आरशांविना फ्रेमा, सिनेमाची जुनी भित्तिपत्रके, कर्णे असलेले ग्रामोफोन (यांतले पुष्कळसे जुने दिसावेत म्हणून नुकतेच केलेले असतात) आणि या साऱ्यांच्या मधूनमधून तबकड्यांचे ढीग. पुस्तकांच्या दुकानात येतो तसा वास येथेही येतो. फरक इतकाच की मुंबईच्या दमट हवेची बुरशी त्यात मिसळलेली असते. आमच्याकडे कोरडी धूळ, येथे ओली बुरशी. दोन्हींचे परिणाम शेवटी सुईखाली ऐकू येतात.

पहिल्या दुकानात आम्ही फसलो, हे कबूल करावे. 'पहिली छपाई' म्हणून जी तबकडी आम्ही पैसे मोजून घेतली, तिच्या वेष्टनात भलतीच, पुष्कळ नंतरची रेकॉर्ड निघाली. परत गेलो तर दुकानदाराने आम्हास ओळखलेही नाही. या फजितीची हकिगत ऐकून दुसऱ्या एका दुकानात बसलेले दादरचे एक निवृत्त गृहस्थ मनसोक्त हसले आणि मग आम्हास शेजारी बसवून घेऊन त्यांनी तबकडी वाचायला शिकवली.

तबकडी 'वाचायची' म्हणजे कशी? लेबलावरच्या क्रमांकाआधीची अक्षरे प्रथम पाहायची. 'ईएएलपी' असेल तर मोनो, 'ईएएसडी' असेल तर स्टिरिओ. मग लेबलाभोवतीची गुळगुळीत पट्टी उजेडात तिरपी धरायची; तेथे बारीक अक्षरांत साच्याचे क्रमांक कोरलेले असतात. गाणे प्रथम एका मऊ लेप दिलेल्या चकतीवर कोरले जाते. तिच्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा होतो. त्या साच्यावरून 'मदर', आणि मदरवरून छपाईचे ठसे. ठसा झिजत जातो, तसतशी त्यावरून निघणारी तबकडीही उतरत जाते. म्हणून संग्राहक पहिल्या छपाईसाठी जीव टाकतात. "वेष्टन कुणाचंही असू शकतं," ते गृहस्थ म्हणाले, "पण ही कोरलेली अक्षरं बदलता येत नाहीत."

त्या दुकानात त्या वेळी आणखी एक तरुण होता. त्याच्या हाती नुकत्याच निघालेल्या एका आल्बमची कोरी करकरीत तबकडी होती, निळ्या पारदर्शक रंगाची, १८० ग्रॅम वजनाची. तिच्यावरून जी चर्चा रंगली ती ऐकत आम्ही तासभर बसलो. दादरच्या गृहस्थांचे म्हणणे असे की, वजनाने आवाज येत नाही. मूळ ध्वनिमुद्रण कशावरून कोरले आणि कोरणाऱ्याचा कान कसा होता, यावर सारे अवलंबून असते. मोबाइलवर वाजते तेच तबकडीवर उमटवून तिप्पट किंमत घ्यायची, हा रंगाचा व्यापार झाला. तरुणाने हे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, तुम्ही ज्या जुन्या म्हणता त्या निम्म्या बोथट सुयांनी खरवडलेल्या असतात. आणि मी जुनीच घेत बसलो, तर त्यातला एक रुपया आज गाणाऱ्याला मिळतो का?"

या प्रश्नावर दुकानात क्षणभर शांतता पसरली. त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गायस्बर्ग या गोऱ्या तंत्रज्ञाने गौहरजानचे गाणे मुद्रित केले तेव्हा रेकॉर्डी छापायला जर्मनीत हानोव्हरला पाठवाव्या लागल्या होत्या. १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाला, पुढे दमदमचा मोठा कारखाना झाला, आणि कॅसेट व सीडी यांच्या लाटेत हा उद्योग आपल्याकडे मिटलाही. गेली काही वर्षे नव्या भारतीय तबकड्या पुन्हा परदेशातूनच छापून येत होत्या. २०२४ मध्ये मुंबई परिसरात छपाई पुन्हा सुरू झाली. अमेरिकेत तर २०२२ साली सुमारे ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. संख्येने तबकडीने सीडीला मागे टाकले ते १९८७ नंतर प्रथमच. हे सारे निळ्या तबकड्या घेणाऱ्या मुलांमुळे झाले. दादरच्या गृहस्थांनीही शेवटी ती तबकडी हातात घेऊन उजेडात धरली आणि "कोरलंय मात्र नेटकं," असा अभिप्राय दिला.

एवढ्यात दुकानाचे मालक, ज्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांनी मागच्या फळीवरून दोन मारवे काढले. एक पहिल्या छपाईचा; कडेला ओरखडे, वेष्टन फाटलेले. दुसरा पुष्कळ नंतरचा. आरशासारखा स्वच्छ आणि स्वस्तही. आमचा हात साहजिकच स्वच्छ तबकडीकडे गेला. "पहले सुनो, फिर बोलो," चाचा म्हणाले.

प्रथम स्वच्छ तबकडी लावली. सुईचा आवाज जवळजवळ नाही. तानपुरे उमटले, आणि तो गंभीर, खर्जातला आवाज त्या गजबजलेल्या गल्लीत उभा राहिला. आम्ही खूष झालो. दादरच्या गृहस्थांनी मात्र बोटाने प्लेअरच्या आर्मकडे खूण केली. ती एका लयीत किंचित डावीउजवीकडे झुलत होती. तबकडीचे भोक बरोबर मध्यावर पडलेले नव्हते. ३३ १/३ फेऱ्यांच्या गतीला एक फेरी १.८ सेकंदांत होते, आणि दर फेरीला स्वर केसभर चढत व उतरत होता. सिनेमाच्या चटपटीत गाण्यात हा दोष कानाआड होतो. पण मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जावर गायक सहसा टेकत नाही, सारा डोलारा कोमल रिषभ आणि धैवत यांवर. आणि खाँसाहेबांची लय तर अतिविलंबित. दीर्घ लावलेला धैवत हलू लागला की रागच अस्थिर होतो. एकदा हे ऐकल्यावर आम्हास दुसरे काही ऐकूच येईना.

मग ओरखड्यांची तबकडी लावली. पहिली दोन मिनिटे तडतड. परंतु आर्म स्थिर, आणि धैवत लावला तो समईच्या ज्योतीसारखा निश्चल. "घरच्या यंत्राला मोनोचं बटण असेल तर ते दाबा," दादरच्या गृहस्थांनी सांगितले, "मोनो तबकडीत गाणं असतं ते सुईच्या आडव्या हालचालीत. उभ्या हालचालीतला खडखडाट त्या बटणानं पुष्कळसा गळून पडतो." आम्ही ओरखड्यांची तबकडी घेतली. चाचांनी सांगितलेली किंमत आम्ही निम्मी करून पाहिली, त्यांनी ती पुन्हा पाऊणपट केली, आणि तेथे सौदा झाला.

तबकडी काखेत धरून आम्ही पायीच भेंडीबाजाराकडे निघालो. जुन्या चाळी जाऊन तेथे आता उंच इमारती उठत आहेत. याच वस्तीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छज्जू खाँ, नझीर खाँ हे बंधू येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला वस्तीचे नाव मिळाले. सात स्वरांची उलटापालट करून ५०४० रचना होतात. त्यांतून रागाला शोभेल ती वाट निवडण्याची 'मेरुखंड' पद्धत ही त्यांची खासियत. शाहमीर खाँनी ती विद्या येथून इंदुरास नेली आणि मुलाकडून घोटून घेतली. पुढे अमीर खाँसाहेबांवर याच घराण्याच्या अमान अली खाँचा प्रभाव पडला; आणि इंदुरातच जन्मलेल्या लता मंगेशकरही काही काळ त्याच अमान अली खाँकडे शिकल्या. म्हणजे आम्ही जो सूर 'आपल्या इंदूरचा' म्हणून मिरवतो त्याची मुळे या गल्ल्यांत होती, आणि येथून गेलेला तो सूर आम्ही येथूनच परत नेत होतो. राज्यांच्या सीमा ओलांडून राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना यात नवल वाटू नये.

परतीच्या प्रवासात तबकडी आम्ही आळीपाळीने मांडीवर उभी धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आईला बैठकीत बसवले. मोनोचे बटण दाबले, सुई ठेवली. आई भिंतीकडे पाहत पूर्ण वीस-बावीस मिनिटे ऐकत राहिली. बाजू संपल्यावर म्हणाली, "गाणं तेच आहे. पण ही आपली नव्हे. आपली सुरुवातीलाच दोनदा टिचकायची."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आपली वाकली, आई. आमच्याच हलगर्जीपणानं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पेटी खाली आणलीत तेव्हा मी उघडून पाहिली होती. तुम्ही कधी सांगता याची वाट पाहत होते." मग थोड्या वेळाने, "हिच्या दुसऱ्या बाजूला काय आहे रे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. एकोणतीस वर्षे ती तबकडी अण्णांच्या हयातीत आमच्या घरी वाजत होती. परंतु दरबारी रात्रीचा राग. तो अण्णा जेवणानंतर वरच्या माडीवर मित्रमंडळींत लावीत. त्या वेळी आई खाली भांडी आवरीत असे, मग दूध विरजण्याचे काम, मग आम्हां मुलांची अंथरुणे. तिने तो कधी धड ऐकलाच नव्हता, आणि हे आमच्या अण्णांच्या किंवा आमच्या कधी ध्यानातही आले नव्हते.

"दरबारी आहे," आम्ही सांगितले. "रात्री ऐकायचा असतो."

"मग रात्री लावा. मी जागी राहीन."

साडेदहाला दरबारी लावला. सूनबाईंनी आधीच स्वयंपाकघर आवरून दिवा मालवला होता. आई शाल लपेटून यंत्राच्या अगदी जवळ बसली, एक हात कानामागे धरून. तबकडी संपली, सुई शेवटच्या चरात फिरू लागली. आम्ही आर्म उचलायला उठलो, तो आई म्हणाली, "थांब. इतक्यात उचलू नकोस."