मध्यमावती

बदलीच्या माणसाने परमुलखात संसार मांडावा, पण विद्या आरंभू नये, असे माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत होते. संसार मालमोटारीत भरता येतो. अर्धी राहिलेली विद्या कोणत्याच यादीत बसत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना हे पटेल. तरीही बेंगळुरूस आल्याच्या पहिल्याच वर्षी मी बसवनगुडीत एका वृद्ध विदुषींकडे कर्नाटक संगीत शिकू लागलो, आणि सहा वर्षांनी नागपूरला बदलीचा हुकूम आला.

त्या पद्धतीत पहिला धडा मायामाळवगौळ रागातला. हा क्रम पुरंदरदासांनी घालून दिला असे मानतात. त्यांच्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रिका येते, तेव्हा मराठी माणसाला तेथे परके वाटण्याचे कारण नव्हते. पण स्वर ऐकताच माझ्या कानांनी भैरव ओळखला, आणि दिवेलागणीला भैरव कसा गावा, या संकोचात मी पडलो. अम्मा (सारे शिष्य त्यांना अम्माच म्हणत) हसल्या आणि ‘इन्नोम्मे’, म्हणजे पुन्हा एकदा, एवढेच म्हणाल्या. पुढे सहा वर्षे हा शब्द मी ऐकला.

या वाटेने थोर माणसे गेलेली आहेत. भातखंडे १९०४ साली दक्षिणेत गेले. व्यंकटमखीच्या बहात्तर मेळांच्या मांडणीचा त्यांनी अभ्यास केला आणि आपल्या रागांसाठी दहा थाट पत्करले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर त्यागराजांची खरहरप्रियेतली कृती ध्वनिमुद्रित करून ठेवली. उलट दिशेनेही देणे झाले. तंजावरला भोसल्यांचे राज्य असताना मराठी कीर्तन तिकडे गेले, आणि साकी-दिंडीच्या चाली तमिळ हरिकथेत रुळल्या. माझ्यासारख्या कारकुनी पेशाच्या माणसाची त्यात गणना नाही. पण रस्ता मळलेला आहे, एवढा धीर मिळे.

शेवटचे पंधरा दिवस उरले तेव्हा अम्मांनी मध्यमावती काढला. आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. दक्षिणेत भैरवी नावाचा राग निराळा, आणि आपल्या भैरवीचे स्वर तेथे तोडी या नावाने नांदतात. तेथे समारोपाला बहुधा मध्यमावती येतो. गाण्यात काही उणे राहिले असेल तर तो दोष याने निवारला जातो, अशी श्रद्धा आहे. स्वर पाहिले तर सा, रे, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. म्हणजे आपला मधमाद सारंग. आपल्या भर दुपारच्या स्वरांनी तेथे निरोप घ्यायचा!

मी स्वरलिपी वहीत उतरवू लागलो. अम्मांनी वही मिटून बाजूला ठेवली. लिहिलेला ऋषभ जागच्या जागी उभा राहतो; त्यांचा ऋषभ डोलत होता, आणि निषाद तर षड्‌जाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन माघारी येई. ते डोलणे कागदावर येत नाही, हे मलाही दिसत होते. घरी खोकी बांधली जात होती आणि मी रोज संध्याकाळी तो एक निषाद घोटत होतो.

दूरध्वनीवरून पुढे शिकवाल का, असे मी विचारले. त्यांनी विचार करून सांगितले, “शिकवीन. पण त्यात तुमचा आवाज माझ्यापर्यंत उशिरा पोचतो. मी गाईन, मग तुम्ही गाल. दोघांना एकदम गाता येणार नाही.” त्यांच्या बोलण्यात खेद नव्हता, पण मला तेव्हा प्रथमच आपण काय सोडून चाललो आहोत ते नेमके कळले. राग नागपूरलाही मिळेल, कृतीही मिळेल. त्यांच्या आवाजाला लागून माझा आवाज सरळ होई, ते मात्र तेथे होणार नव्हते.

कृतीची पल्लवी झाली, अनुपल्लवी झाली, चरण राहिले. अखेरच्या दिवशी आम्ही जेवढे झाले होते तेवढे एकत्र म्हटले. अनुपल्लवी संपली की पुन्हा पल्लवीवर यायचे असते, तशा आम्ही आलो आणि थांबलो. बाहेरून ऐकणाऱ्याला काही राहिले आहे असे वाटलेही नसते. अम्मांनी तंबोरा भिंतीला टेकवला आणि चरण कोणत्या वारी सुरू करायचे, ते विचारले.