फोन आपल्या हाताला विचारून घ्यावा

रक्तदाब मोजण्यापूर्वी ज्येष्ठ मंडळी खिशातला फोन काढून माझ्या टेबलावर ठेवतात. बहुधा तो त्यांनी निवडलेला नसतो. मुलाने नवा घेतला म्हणून जुना वडिलांकडे आलेला असतो. ‘डॉक्टरसाहेब, हे मला जमत नाही, डोकंच चालत नाही आता,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. स्मृतीची तपासणी करावी, तर ती उत्तम असते.

दोष डोक्याचा नसतो. पडद्याला बोटाचा स्पर्श कळतो, तो त्वचेच्या विद्युतवहनामुळे. वयाने कोरडी झालेली, त्यातून खाणकामाने घट्टे पडलेली त्वचा त्याला नीट उमगत नाही. आपल्या घुग्घुसात असे हात घरोघरी आहेत.

कंपन्यांची चुरस मुख्यतः तरुण ग्राहकासाठी चालते. 2007 सालच्या पहिल्या आयफोनचा पडदा 3.5 इंचांचा आणि वजन 135 ग्रॅम होते. 2011 मध्ये सॅमसंगने 5.3 इंचांचा ‘नोट’ आणला आणि पुढे सर्वांचेच पडदे वाढत गेले. आज 200 ग्रॅमच्या आसपासचे फोन सर्रास दिसतात. मोठी अक्षरे मोतीबिंदूच्या डोळ्यांना सोयीची खरी. परंतु अंगठ्याच्या सांध्यात संधिवात असेल, तर तो गुळगुळीत भार एका हातात पेलत नाही.

याउलट 2003 चा नोकिया 1100 आठवा. धूळ आत शिरू नये अशी सलग रबरी बटणे, घसरू न देणाऱ्या कडा आणि टॉर्च. जगभर तो वीस कोटींहून अधिक विकला गेला. बटणांच्या फोनवर 5 या अंकाला बारीक उंचवटा असतो. अंधारातही बोटाला क्रमांक सापडतो.

कानांचेही तसेच. वयामुळे आणि यंत्रांच्या गोंगाटामुळे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. नाजूक किणकिणणारी घंटी म्हणूनच ऐकू येत नाही आणि ‘बाबा फोन उचलत नाहीत’ अशी तक्रार होते. खर्जातली घंटी निवडावी आणि सोबत कंपनही चालू ठेवावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये. काही नव्या फोनमध्ये पाठीमागे चुंबक असतात. ते पेसमेकरपासून किमान 15 सेंटिमीटर दूर असावेत.

सेवा करणाऱ्या मुलासुनांना माझी विनंती आहे. खरेदीला ज्येष्ठांना सोबत न्यावे. त्यांचा नेहमीचा चष्मा लावून त्यांनी स्वतः एक फोन लावावा, एक उचलावा आणि वाचलेले समजले का ते सांगावे. मदतीच्या वेळी 112 कसा लावायचा, हेही त्यांना तिथेच दाखवून द्यावे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

एवढे करूनही त्यांनी बटणांचाच फोन मागितला, तर तो आनंदाने घ्यावा. 4जीवर चालणारे तसे फोनही मिळतात. आपले सिम त्यात चालेल ना, एवढे दुकानात विचारून घ्यावे. रात्री छातीत दुखू लागले, तर त्यांच्या हाताला सरावाचा असलेला फोनच उपयोगी पडणार आहे.